वर्गणीदारांची वही



इतिहासावर व्याख्यान आहे असे वाचून आपण आलात, तेव्हा एखादी लढाई, एखादा तह किंवा निदान बखरीतले एखादे कोडे ऐकायला मिळेल, अशी आपली अपेक्षा असणार. मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती दाबून, घडी घालून ठेवली तर अवघी दोनशे बाइटांची भरते. बाइट म्हणजे रोमन लिपीतले एक अक्षर मावण्याइतकी जागा. एका पोस्टकार्डावर सगळी वस्तू उतरवून वर पत्ता लिहायला जागा उरावी, एवढाच तिचा पसारा. वेबची पाने घडवणारे प्रोग्रामर तिला 'पब्लिश-सबस्क्राइब' लायब्ररी म्हणतात. मी तिला आज वर्गणीदारांची वही म्हणणार आहे. एवढ्याशा वहीला इतिहास कसला, असे कोणी विचारील. पण सुईचा इतिहास तोफेच्या इतिहासाहून कितीतरी जुना आहे, आणि तोफेपेक्षा सुईशीच आपला संबंध रोज येतो.

आधी अडचण काय होती ती सांगतो. आपण मोबाइलवर किराणा मागवता. तुरीच्या डाळीसमोरचे 'पिशवीत टाका' हे बटण दाबता. त्याबरोबर वरच्या कोपऱ्यातला आकडा दोनाचा तीन झाला पाहिजे, खालची बेरीज बदलली पाहिजे, 'आणखी चाळीस रुपयांची खरेदी केल्यास घरपोच मोफत' ही ओळ सुधारली पाहिजे आणि दुकानदाराच्या हिशेबात नोंद झाली पाहिजे. म्हणजे बटण एक, आणि त्याची वाट पाहणारे चौघे. सरळ मार्ग असा की बटणाच्या फंक्शनाने या चौघांना नावाने हाक मारावी. पहिल्या दिवशी हे उत्तम चालते. महिन्याने पाचवा कोपरा येतो; मग बटण उघडून त्यात पाचवे नाव लिहावे लागते. दोन महिन्यांनी दुसरा कोपरा काढून टाकला जातो. बटण मात्र त्याला हाक मारीतच राहते आणि उत्तर न आल्यामुळे स्वतःच कोलमडते. लग्नघरात सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या एकाच मावशींच्या कमरेला असाव्यात आणि नेमक्या त्याच वेळी मावशी देवदर्शनाला गेलेल्या असाव्यात, तशी अवस्था होते.

यावर उपाय म्हणून मध्ये एक वही ठेवली. ज्याला जी बातमी हवी असेल त्याने त्या बातमीच्या पानावर आपले नाव घालावे. बटणाने एवढाच पुकारा करावा की, 'पिशवी बदलली.' मग वहीचे ते पान उघडते आणि त्यावर जितकी नावे असतील तितक्यांना एकामागून एक बातमी सांगितली जाते. ज्याला ती नकोशी झाली त्याने, शाळेच्या पटावरून कमी करतात तसे, आपले नाव कमी करून घ्यावे. नाव घालणे, पुकारा करणे, नाव कमी करणे या तीन क्रिया झाल्या की लायब्ररी संपली. बटणाला वर्गणीदार ठाऊक नाहीत, वर्गणीदारांना बटण ठाऊक नाही. दोघांना ठाऊक असते ते बातमीचे नाव.

या वहीचा एक-दोन बाबतींतला स्वभाव आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. येथला पुकारा म्हणजे टपाल नव्हे. बातमी त्याच क्षणी, यादीच्या क्रमाने दिली जाते. पहिल्याचे काम आटोपल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही. पहिलाच अडखळून पडला, म्हणजे त्याच्या फंक्शनात चूक निघाली, तर त्याच्या मागे उभे असलेल्यांना ती बातमी मिळतच नाही, अशी पुष्कळशा लहान लायब्रऱ्यांची रीत आहे. दुसरे असे की, यादीचे वाचन चालू असतानाच एखादा वर्गणीदार आपले नाव खोडून घेतो. यादी एका ओळीने वर सरकते आणि बिचाऱ्या पुढल्याची पाळी चुकते. म्हणून शहाणी लायब्ररी आधी यादीची नक्कल करते आणि नकलेवरून वाचते. कोणत्याही जुन्या कारकुनाला ही युक्ती सांगावी लागली नसती.

आता प्रश्न असा की, एकमेकांना न ओळखता एकमेकांशी व्यवहार करण्याची ही सोय प्रथम कोणाला हवीशी वाटली, कशासाठी वाटली, आणि तिचे मोल कोणाला चुकवावे लागले? माझ्या व्याख्यानाचा विषय खरे म्हणजे हा आहे.

कथा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सुरू होते. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे एक संशोधन केंद्र होते. १९७८ साली तेथे नॉर्वेहून एक पाहुणे संशोधक आले. त्यांचे नाव ट्रिग्व्हे रीन्सकाउग. २०२४ साली, नव्वदी ओलांडून, ते निवर्तले. १९६३ मध्ये त्यांनी जहाजांच्या आराखड्यांसाठी 'ऑटोकॉन' नावाची संगणक-व्यवस्था तयार केली होती. जहाज बांधणाऱ्यांच्या सहवासात वावरलेल्या या गृहस्थांना एक गोष्ट चांगली उमगलेली होती: माहिती एकच असते, पण आराखडा काढणारा ती एका रूपात पाहतो, वेळापत्रक सांभाळणारा दुसऱ्या, आणि पैसे मोजणारा तिसऱ्या. १९७९ सालच्या मे आणि डिसेंबर महिन्यांत लिहिलेल्या टिपणांतून त्यांनी जी मांडणी केली ती आज 'मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर' या नावाने प्रसिद्ध आहे. मॉडेल म्हणजे मूळ माहिती, व्ह्यू म्हणजे तिचे पडद्यावरचे दर्शन. दर्शने कितीही असोत, माहिती एकच असावी.

परंतु माहिती बदलली हे दर्शनांना कळावे कसे? मूळ माहितीनेच प्रत्येक दर्शनाची विचारपूस करू लागावे, तर ती माहिती राहत नाही, मघाच्या मावशी होते. त्या केंद्रात घडलेल्या स्मॉलटॉक या भाषेने त्यावर जो तोडगा काढला त्यात आपल्या वहीचे बीज आहे. एखाद्या वस्तूने 'मी बदलले' एवढेच म्हणावे. तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांची यादी ठेवलेली असेल, त्यातल्या प्रत्येकाला 'ताजे व्हा' असा निरोप जावा. यादीतल्या मंडळींना त्या भाषेत 'अवलंबित' असेच नाव होते.

येथे एक बारीकशी गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळ्या पुढल्या इतिहासाची गुरुकिल्ली तीच आहे. स्मॉलटॉक-८० मध्ये ज्या वस्तूंजवळ स्वतःची अशी वही नसे, त्यांच्या अवलंबितांची नोंद एका सार्वजनिक कोशात होई. आता संगणकाच्या स्मृतीचा नियम असा की, ज्याची आठवण कोणीच ठेवलेली नाही त्याची जागा मोकळी करायची. पण या कोशात ज्याचे नाव राहिले त्याची आठवण राहिली! मग ते दर्शन पडद्यावरून केव्हाच नाहीसे झालेले असो, त्याची जागा मोकळी होत नसे. ती मोडण्यासाठी प्रोग्रामरला आठवणीने 'रिलीज' म्हणजे 'सोडा' असा वेगळा निरोप पाठवावा लागे. वही जन्मली त्याच घरात तिचे दुखणेही जन्मले. आणि पुढच्या चाळीस वर्षांत ज्याने ज्याने ही वही नव्याने शोधून काढली, त्याला त्याला हे दुखणेही नव्याने झाले.

पालो आल्टोमध्ये सगळा कारभार एकाच यंत्राच्या पोटात होता. तो निरनिराळ्या यंत्रांमध्ये नेण्याच्या अगदी आरंभीच्या जाहीर प्रयत्नांपैकी एक न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात झाला. तेथील केनेथ बर्मन आणि थॉमस जोसेफ यांनी १९८७ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे भरलेल्या परिषदेत आपल्या 'आयसिस' या व्यवस्थेचे वर्णन केले. त्यात 'न्यूज' या नावाचीच एक सेवा होती: विषय सांगा, नाव नोंदवा, बातमी आली की मिळेल. आयसिस पुढे न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात आणि फ्रान्सच्या विमान-वाहतूक नियंत्रणात वापरली गेली. विद्वानांनी रचलेली वस्तू आकाशातली विमाने सांभाळू लागली, हे विद्यापीठांना नावे ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

तथापि या कल्पनेला बाजारात पाय फुटले ते दुसऱ्या एका माणसामुळे, आणि तो निघाला आपल्याकडचा. विवेक रणदिवे यांचा जन्म १९५७ साली मुंबईत झाला. मुंबईहून ते अमेरिकेत एमआयटीला गेले. संगणकाच्या पेटीत एक 'बस' असते. ही बस म्हणजे तारांचा एक सामाईक पट्टा. पेटीतले निरनिराळे भाग त्या पट्ट्याला जोडले की झाले. प्रत्येक भागापासून प्रत्येक भागाकडे वेगळी तार ओढावी लागत नाही. (जाता जाता सांगतो: हा शब्द आणि आपण ज्या बसने आज येथे आलात तो शब्द, दोन्ही एकाच 'ऑम्निबस' या लॅटिन शब्दाचे शेपूट आहेत, अर्थ, 'सर्वांसाठी'.) जे तारांना साधते ते प्रोग्रामांना का साधू नये, या विचारातून १९८०च्या दशकाच्या मध्यास रणदिवे यांनी टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी काढली आणि 'इन्फर्मेशन बस' तयार केली.

गिऱ्हाईक मिळाले ते वॉल स्ट्रीटवरचे. त्या काळच्या दलालांच्या दालनाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. एकेका दलालापुढे अनेक पडदे. बातम्या एका कंपनीच्या पडद्यावर, रोख्यांचे भाव दुसरीच्या, शेअरांचे भाव तिसरीच्या. एका पडद्यावरचा आकडा दुसऱ्या यंत्रात न्यायचा तर मध्ये माणसाचे डोळे आणि बोटे. भाव क्षणाला बदलणार आणि बोटे आपल्या गतीने चालणार! इन्फर्मेशन बसने प्रत्येक भावाला आणि प्रत्येक बातमीला विषयाचे नाव देऊन सामाईक तारेवर सोडले. ज्या प्रोग्रामला ज्या विषयाशी कर्तव्य असेल तो ते उचलून घेई. १९९४ मध्ये रॉयटर्स या बातम्यांच्याच व्यापारातल्या कंपनीने टेक्नेक्रॉन विकत घेतली आणि १९९७ मध्ये तिच्यातून 'टिब्को' ही नवी कंपनी उभी राहिली. रणदिव्यांनी पुढे, २०१३ मध्ये, एक बास्केटबॉलचा संघही घेतला. पण तो आपला विषय नव्हे.

आपला विषय आहे तो १९९३ सालच्या डिसेंबरात नॉर्थ कॅरोलायनातील अॅशव्हिल येथे वाचला गेलेला निबंध. ओकी, फ्लूगल, सीगल आणि स्कीन या चौघांनी तो लिहिला आणि त्यात इन्फर्मेशन बसची तत्त्वे मांडली. त्यांपैकी एका तत्त्वाचे नाव 'अनामिक संवाद'. पाठवणाऱ्याला घेणारा ठाऊक नसावा आणि घेणाऱ्याला पाठवणारा, असा जणू धर्मनियमच त्यांनी घालून दिला. का? तर त्यांची गिऱ्हाइके अशी होती की ज्यांचे दुकान कधी बंदच होत नाही. दिवसाचे चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस व्यवस्था चालू राहिली पाहिजे. आणि ती चालू असतानाच जुना प्रोग्राम काढून नवा बसवता आला पाहिजे. पाठवणाऱ्याला घेणाऱ्याचे नाव माहीत असेल, तर घेणारा बदलताना पाठवणाऱ्यालाही थांबवावे लागेल. अनामिकता ही त्या लोकांना तत्त्वज्ञानाची मौज म्हणून सुचली नव्हती. धावत्या गाडीचे चाक बदलायची पाळी आली म्हणून सुचली.

त्याच निबंधात उदाहरण म्हणून जे विषयाचे नाव दिले आहे ते मला फार आवडते: 'फॅब५.सीसी.लिथो८.थिक'. संगणकाच्या चकत्या बनवणाऱ्या कारखान्याचे ते उदाहरण. पाचवा कारखाना, त्यातले नियंत्रण, त्यातले आठवे छपाईयंत्र, आणि त्यावरची जाडी. आपल्याकडे जिल्हा, तालुका, मौजे आणि गट नंबर अशी जमिनीची नोंद चालते, त्याच धर्तीची ही रचना. आणि निरोप पोचवण्याची हमी दोन प्रकारची. साधी हमी एक; दुसरी पक्की, की जिच्यात निरोप पाठवण्यापूर्वी तो डिस्कवर लिहून ठेवायचा आणि पोच येईपर्यंत पुन्हापुन्हा पाठवत राहायचे. आपल्या दोनशे बाइटांच्या वहीशी तुलना करताना ही पक्की हमी ध्यानात ठेवावी.

पुढच्या दोन टप्प्यांवर फार रेंगाळत नाही. १९९४ च्या अखेरीस गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांचा प्रोग्रामरचनेच्या नमुन्यांवरचा सुप्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्यात या कल्पनेला 'ऑब्झर्व्हर' म्हणजे निरीक्षक असे नाव मिळाले आणि 'अवलंबित' व 'पब्लिश-सबस्क्राइब' ही पर्यायी नावे म्हणून नोंदली गेली. ग्रंथकारांनी एक धोक्याची सूचनाही देऊन ठेवली होती: निरीक्षक एकमेकांना ओळखत नसल्यामुळे एखादा निरुपद्रवी दिसणारा बदल अनपेक्षित बदलांची माळ लावून देऊ शकतो. सूचना सगळ्यांनी वाचली आणि, सूचनांचे जे होते तेच तिचे झाले. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी तेलाच्या नळांवर देखरेख ठेवण्यासाठी 'एमक्यूटीटी' ही निरोपांची पद्धत रचली. उपग्रहामार्फत निरोप धाडायचे म्हणजे अक्षराअक्षराला पैसा. म्हणून निरोपाच्या माथ्यावरचा मजकूर त्यांनी दोन बाइटांपर्यंत खाली आणला. त्यात एक मृत्युपत्राची सोयही आहे. यंत्र जोडले जातानाच 'माझा संबंध अवचित तुटला तर वर्गणीदारांना हे सांगा' असा निरोप लिहून ठेवते. बातमी देणारा मेला तर काय, याचा विचार तेथे झाला. वर्गणीदार मेला तर काय, हा प्रश्न ब्राउझरात उभा राहायचा होता.

आता ब्राउझराकडे वळू. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला अवतार तयार केला. बटण दाबले की काय व्हावे हे तीत 'ऑनक्लिक' लिहून सांगता येई. पण एका बटणाला एकच 'ऑनक्लिक'. दुसऱ्याने लिहिले की पहिल्याचे पुसले जाई. वही कसली, ती शाळेतली पाटीच होती! १९९७ मध्ये नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांचे चौथ्या आवृत्तीचे ब्राउझर एकमेकांसमोर उभे ठाकले आणि घटनेची बातमी कोणत्या दिशेने जावी यावर त्यांचे फाटले. नेटस्केपचे म्हणणे, बातमी पानाच्या माथ्यावरून बटणाकडे उतरावी. मायक्रोसॉफ्टचे म्हणणे, ती बटणापासून माथ्याकडे बुडबुड्यासारखी चढावी. १९०० पानांचा वाद होऊ शकला असता. पण वेबचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने, डब्ल्यूथ्रीसीने, २००० सालच्या नोव्हेंबरात निकाल दिला की, बातमीने आधी उतरावे आणि मग चढावे. दोन्ही पक्षांना न्याय मिळाला. त्याच निकालाने 'अॅडइव्हेंटलिसनर' आले आणि एका बटणाला कितीही वर्गणीदार ठेवण्याची सोय झाली. मायक्रोसॉफ्टने मात्र आपल्या ब्राउझरात ती २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत, आणली. मधली दहा वर्षे प्रोग्रामर दोन भाषांत दोनदा लिहीत बसले.

या त्रासातून एक गमतीची गोष्ट घडली. २००५ मध्ये पीटर-पॉल कॉख यांनी स्पर्धा लावली: नाव घालणे आणि नाव कमी करणे ही दोन फंक्शने सर्व ब्राउझरांत चालतील अशी लिहून दाखवा. जॉन रेसिग ती जिंकले. आणि काही महिन्यांतच, २००६ च्या जानेवारीत, त्यांनी 'जेक्वेरी' प्रसिद्ध केली. पुढे वर्षानुवर्षे जगातील असंख्य पाने तिच्यावर उभी राहिली.

तोवर पानांचे स्वरूपच पालटले होते. २००४ मध्ये जीमेल आले, २००५ मध्ये गूगलचे नकाशे. पूर्वी पान म्हणजे छापील पत्रक. वाचले, दुसरीकडे गेलात, की जुने पान आपल्या सर्व वर्गणीदारांसह नाहीसे होई. आता एकच पान सकाळी उघडायचे आणि संध्याकाळपर्यंत चालू ठेवायचे. शिवाय 'पिशवी बदलली' ही बातमी कोणत्याही एका बटणाची नसते, ती साऱ्या पानाची असते. ब्राउझराची आयती सोय तिला पुरत नाही. म्हणून 'डोजो' या लायब्ररीने विषयवार पुकाऱ्याची सोय दिली. तिच्यात नाव घातले की हाती एक पावती मिळे. ती पावती परत दिली की नाव कमी होई. ही पावतीची युक्ती विसरू नका. जेक्वेरीवाल्यांनीही एका रिकाम्या वस्तूला जेक्वेरीचे वेष्टण घालून चार ओळींत वही तयार केली. २००९ मध्ये रायन डाल यांनी जावास्क्रिप्ट ब्राउझराबाहेर आणणारा 'नोड' बर्लिनमध्ये दाखवला. त्याच्या मुळाशी 'इव्हेंटएमिटर' ही वहीच आहे. २०१० मध्ये जेरेमी अॅशकेनस यांचे 'बॅकबोन' आले. जो तो पुकारू लागला आणि जो तो नाव घालू लागला.

नाव कमी करायचे मात्र कोणाच्या लक्षात राहिना.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. त्या सुमारास मी एका संस्थेसाठी बिलांचे पान लिहीत होतो. ग्राहकाच्या नावावर बोट ठेवले की त्याचे बिल उघडे, 'जतन करा' म्हटले की पुकारा होई आणि बिल जतन करणारे फंक्शन आपले काम करी. चाचणीत सर्व सुरळीत. पंधरा दिवसांनी हिशेबनीस बाईंचा फोन आला: "अहो, सकाळी बिल एकदाच लागतं, दुपारपर्यंत तेच तीनतीनदा लागतं. तुमच्या यंत्राला ऊन बाधतं की काय?" मी हसलो, आणि मग दोन रात्री हसलो नाही. बिल दर वेळी उघडताना मी नाव घालीत होतो, मिटताना कमी करीत नव्हतो. सकाळपासून उघडून मिटलेली सगळी बिले वहीत वर्गणीदार म्हणून बसून होती. पडद्यावर त्यांचा मागमूस नव्हता, पण पुकारा झाला की ती उठत आणि इमानाने काम करीत. बाई बिचाऱ्या दुपारी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडीत. त्यांना तोच उतारा सापडला होता.

इंग्रजी जाणणाऱ्या प्रोग्रामरांनी अशा दर्शनांना 'झॉम्बी' म्हणायला सुरुवात केली. आपण त्यांना अतृप्त पितर म्हणू. पिंडाला कावळा शिवत नाही तोवर ती घर सोडायची नाहीत. मौज अशी की, चूक शोधायला वहीचा काहीच उपयोग होईना. पुकारा करणाऱ्या फंक्शनात पाहावे, तर ते निर्दोष. त्याला वर्गणीदार किती हेच माहीत नाही. वर्गणीदाराच्या फंक्शनात पाहावे, तर तेही निर्दोष. ते सांगितलेले काम एकदाच करते, पण ते स्वतःच तिघे आहेत हे त्याला ठाऊक नाही. ज्या अनामिकतेसाठी सगळा खटाटोप, तिने साक्षीदारच शिल्लक ठेवला नव्हता. अॅशव्हिलच्या निबंधकारांना धावत्या गाडीचे चाक बदलायचे होते. माझ्या पानाला असे कोणते चाक बदलायचे होते? मी सोय पाहिली आणि घेतली.

हे दुखणे सर्वांनाच जडले होते, याचे पुरावे लायब्रऱ्यांच्या अंगावरच आहेत. नोडच्या वहीत एकाच बातमीसाठी दहाहून जास्त नावे झाली की अकराव्या नावाला ती इशारा छापते: स्मृतीला गळती लागलेली दिसते, पाहा. दहा हा आकडा शास्त्रीय नव्हे, कारकुनी शहाणपणाचा आहे. बॅकबोनने २०१२ च्या डिसेंबरात निराळा मार्ग काढला. पूर्वी वर्गणीची नोंद फक्त बातमी देणाऱ्याकडे असे. आता वर्गणीदारानेही आपण कोठेकोठे नाव घातले आहे याची टाचणवही स्वतःजवळ ठेवायची आणि जाताना 'स्टॉपलिसनिंग' म्हणून सगळीकडचे नाव एकदम काढून घ्यायचे. म्हणजे अनामिकता अर्धी सोडली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत प्रांजळ दुरुस्ती हीच.

आता दोनशे बाइटांकडे येतो. २०१७ मध्ये जेसन मिलर यांची 'मिट' ही लायब्ररी आली. तिच्यात नाव घालायला 'ऑन', कमी करायला 'ऑफ', पुकाऱ्याला 'एमिट', आणि सगळ्याच बातम्या हव्या असतील त्याच्यासाठी एक तारा. यादीची नक्कल करून वाचण्याची जुनी युक्ती तिने जपली आहे. बाकी तिच्यात काय नाही ते पाहिले म्हणजे ती इतकी लहान कशी, हे कळते. पक्की हमी नाही, पोच नाही, मृत्युपत्र नाही, अकराव्या नावाचा इशारा नाही. एका पानाच्या आत, एकाच यंत्रात तार तुटतच नाही. मग हमी कशाला? हे अगदी रास्त आहे. फक्त 'ऑफ' म्हणताना जे फंक्शन 'ऑन'ला दिले होते नेमके तेच पुन्हा दाखवावे लागते. नाव न ठेवता जागच्या जागी लिहिलेले फंक्शन दिले असेल तर ते दाखवणार कसे? तसाच दुसरा मजकूर लिहून दाखवला तरी वही म्हणते, हा तो नव्हे. अनामिकाचे नाव कमी करता येत नाही. ब्राउझराच्या स्वतःच्या वहीलाही हाच नियम आहे.

२०२० च्या सप्टेंबरात एक मोठी घटना घडली. इव्हान यू यांच्या 'व्ह्यू' या लोकप्रिय चौकटीत पूर्वी प्रत्येक घटकाजवळ स्वतःची वही असे, आणि लोक एक रिकामा घटक निर्माण करून त्यालाच साऱ्या पानाची सार्वजनिक वही बनवीत. तिसऱ्या आवृत्तीत ही सोय काढून टाकली. मार्गदर्शिकेत लिहिले की, ज्यांना वही हवीच असेल त्यांनी 'मिट'सारखी लहान लायब्ररी बाहेरून आणावी. मात्र साऱ्या पानासाठी एक वही ठेवणे शक्यतो टाळावे. आई-मुलासारखे जवळचे नाते असेल तेथे घटकांनी एकमेकांशी सरळ बोलावे. घरातल्या घरात दवंडी पिटायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. काहींनी याला माघार म्हटले. मला ते पटत नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाला नावाने हाक मारण्यात कमीपणा नाही. ज्याच्याशी आपली गाठ पडणारच नाही, जो उद्या येईल किंवा परवा जाईल, त्याच्यासाठी वही.

पावतीची युक्ती विसरू नका असे मघाशी म्हटले होते. आंद्रे सिटनिक यांची 'नॅनोइव्हेंट्स' ही लायब्ररी मिटहूनही लहान, सुमारे शंभर बाइटांची आहे. तिच्यात 'ऑफ' मुळी नाहीच. 'ऑन' म्हटले की उत्तरादाखल एक फंक्शन हाती येते. नको झाले की ते चालवायचे, नाव कमी. अनामिक असलात तरी पावती हातात आहे. डोजोची ती जुनी पावती दहा-बारा वर्षांनी अशी परत आली, तिच्या वंशावळीचा उल्लेखही न होता. आणि २०२१ मध्ये मोठ्या ब्राउझरांनी आपल्या वहीतही सोय केली: नाव घालतानाच एक खुणेचा दोर सोबत बांधून द्यायचा. वीस ठिकाणी वीस नावे घातली असली तरी दोर एकच असू शकतो. दर्शन मिटताना तो एकदा ओढला की विसांचीही नावे एकदम कमी होतात, कोणते फंक्शन कोणते हे दाखवत बसावे लागत नाही. त्या हिशेबनीस बाई आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या बिलाच्या पानात, गेल्या वर्षी संस्थेने पुन्हा बोलावले तेव्हा, मी तो दोर बांधून दिला. त्याला तीन ओळी लागल्या.